कापून आणलेल्या लाकडाची प्रत: चौकटीला कोणते, वाशाला कोणते, चुलीला कोणते

नाशिकच्या कुठल्याही वखारीत गेलात की पहिल्या पाच मिनिटांत ‘एक नंबर’, ‘सीपी’, ‘घाना’, ‘बर्मा’ हे शब्द कानावर पडतात. यातला एकही शब्द लाकडाची प्रत सांगत नाही. सीपी म्हणजे जुन्या मध्य प्रांताकडचा, बल्लारशा-चंद्रपूर भागातला साग. घाना आणि बर्मा ही देशांची नावे. आणि ‘एक नंबर’ हा भाव आहे. प्रत प्रत्येक नगाची वेगळी असते. एकाच ओंडक्यातून निघालेल्या सहा नगांपैकी दोन तुळईच्या लायकीचे, तीन वाशाचे आणि एक सरपणाचा, हे अगदी नेहमीचे आहे.

ती ठरवण्याचे नियम भारतीय मानक ब्युरोने लिहून ठेवले आहेत. इमारतीत भार घेणाऱ्या लाकडासाठी आयएस ३६२९, कापीव मापांसाठी आयएस १३३१ आणि भाराच्या हिशेबासाठी आयएस ८८३. त्यांत तीन प्रती आहेत: सिलेक्ट, ग्रेड एक आणि ग्रेड दोन. गावाकडच्या किंवा शहरातल्या सॉ मिलवर स्वतःचा ओंडका कापून घेतला तर त्यावर प्रतीचा शिक्का मारून मिळत नाही. ते काम घरमालक आणि सुतार यांनाच करावे लागते. ऐंशी-शंभर नग असतील तर दोन माणसांची एक सकाळ जाते. ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्यांची ती सकाळ पुढे दार घासण्यात जाते.

आधी कागद

लाकूड कितीही चांगले असो, कागद नसतील तर ते घरात घेऊ नका. ग्रामीण भागात बांधावरचा सागासारखा अनुसूचित वृक्ष तोडायला महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ प्रमाणे परवानगी लागते. महापालिका हद्दीत १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आणि वृक्ष प्राधिकरण. सुरगाणा, पेठ, कळवण भागात झाडाचा मालक अनुसूचित जमातीचा असेल तर १९६९ चा वेगळा कायदा आहे. अशा मालकाकडून परस्पर ओंडके विकत घेण्याचा व्यवहार करूच नका. ओंडके हलवताना वाहतूक पास आणि ओंडक्यावर वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का बघा. सॉ मिललाही परवाना लागतो. बिलावर जात, नगांची संख्या आणि मापे लिहून घ्या. ‘लाकूड, अमुक घनफूट’ एवढेच लिहिलेले बिल नंतर कुठल्याच वादात कामाला येत नाही.

ओंडका आणि कापकाम

ओंडक्याचे माप अजूनही चौथाई घेराने होते. मधला घेर इंचांत घ्यायचा, चारने भागायचा, त्याचा वर्ग करायचा, लांबीच्या फुटांनी गुणायचे आणि १४४ ने भागायचे. घेर ३६ इंच, लांबी १० फूट असेल तर ९ × ९ × १० ÷ १४४ म्हणजे ५.६ घनफूट. खरे गोल घनफळ ७.१६ भरते. चौथाईच्या मापात साडेएकवीस टक्के सूट आधीच धरलेली असते, सालपटे आणि भुसा यांच्या नावाने. एवढ्या ओंडक्यातून साडेतीन ते चार घनफूट कापीव माल निघाला तर कापकाम ठीक झाले.

मिलवाल्याला कापायला सुरुवात करण्याआधी दोन गोष्टी सांगायच्या. पहिली, भेंड. ओंडक्याच्या मधोमध जो मऊ ठिपका दिसतो त्याला भेंड म्हणतात. तो ज्या नगात राहील तो नग वाळताना हमखास तडकतो, कारण भेंडाभोवती लाकूड सगळ्या बाजूंनी सारखे आक्रसत नाही. म्हणून भेंड एकाच नगात अडकेल अशा तऱ्हेने करवत लावायची आणि तो नग बाजूला काढायचा. चारही चौकटींत थोडे थोडे भेंड वाटून घेणे हा सगळ्यांत महाग पडणारा शहाणपणा.

दुसरी, वाढीव माप. ओल्या सागाची रुंदी वाळेपर्यंत शेकडा तीनच्या आसपास कमी होते. निलगिरीची त्याच्या दुपटीहून जास्त होऊ शकते. त्यावर रंध्याचे दोन्ही बाजूंचे मिळून तीन-चार मिलिमीटर. तयार १०० × ६५ मिमी हवे असेल तर सागाचे १०८ × ७२ कापा. विकत घेतानाही हेच लक्षात ठेवा: ५ × २½ इंच म्हणून बिल लागते आणि हातात ४¾ × २¼ येते. हा फरक पाव इंचाचा वाटतो, पण आडवा छेद १२.५ चौरस इंचांवरून १०.७ वर येतो, म्हणजे साडेचौदा टक्के लाकूड कमी मिळाले. बिल कोणत्या मापावर लागणार, रंध्याआधीच्या की नंतरच्या, हे गाडी भरण्याआधी ठरवा.

वाळवण

ओल्या लाकडाची प्रत ठरवता येत नाही. पीळ, बाक आणि चिरा सगळ्या वाळतानाच येतात. त्यामुळे पहिली नजर कापल्यावर टाकायची (कुजका, किडका नग लगेच बाहेर) आणि खरी तपासणी वाळल्यावर.

थप्पी जमिनीपासून किमान एक फूट उंच, सावलीत आणि वारा आरपार जाईल अशी लावा. दोन थरांमध्ये एकसारख्या जाडीच्या, २५ मिमीच्या कोरड्या पट्ट्या. फळ्यांसाठी दीड-दीड फुटावर, चौकटीच्या जाड मालासाठी दोन फुटांवर. वरच्या थरातली पट्टी खालच्या पट्टीच्या बरोबर डोक्यावर आली पाहिजे. ती चार इंच सरकली की लाकूड त्या जागी वाकते आणि दोष जातीवर जातो. दोन्ही टोकांना कापल्याच दिवशी जाड ऑइलपेंट किंवा मेण लावा. टोकाकडून पाणी आडव्या बाजूपेक्षा कितीतरी लवकर उडते आणि चिरा तिथूनच आत शिरतात. थप्पीच्या वर वजन ठेवा.

नाशिकमध्ये थप्पी दिवाळीच्या सुमाराला लावणे सोयीचे. हिवाळ्यात लाकूड सावकाश सुकते. मार्च ते मे या काळात सिन्नर-निफाडकडचा कोरडा वारा थप्पीवर थेट लागू दिला तर बाहेरचा थर आधी आक्रसतो आणि पृष्ठभागावर चिरा पडतात. वाऱ्याच्या बाजूला गोणपाट बांधा. पावसाळ्यात, विशेषतः त्र्यंबक-इगतपुरीच्या पट्ट्यात, वाळवण जवळजवळ थांबते. इंचभर फळीला तीन-चार कोरडे महिने पुरतात, तीन इंची मालाला पूर्ण वर्ष धरा.

किती वाळले हे हात लावून कळत नाही. दोन सुयांचा ओलावा मीटर वापरा आणि मधून ताज्या कापलेल्या भागात टोचा, कारण वरचा पृष्ठभाग नेहमी कोरडाच दाखवतो. मीटर नसेल तर वजनाची पद्धत आहे. टोकापासून फूटभर आतला इंचभर जाडीचा तुकडा कापून लगेच तोला. मग १०३ अंश सेल्सिअसच्या भट्टीत वजन उतरायचे थांबेपर्यंत ठेवा, साधारण चोवीस तास. ओले वजन २६२ ग्रॅम आणि कोरडे २२४ असेल तर फरक ३८. भागिले २२४, म्हणजे १७ टक्के. वाशांना आणि कड्यांना हे चालेल. दार-खिडक्यांना नाशिक शहरात १२ टक्क्यांच्या आसपास यायलाच हवे.

बाद करायचे नग

साधने साधी आहेत: टेप, गुण्या, ३०० मिमीची पट्टी, बारीक दोरी, टोच्या, हातरंधा आणि तीन रंगांचे खडू. प्रत्येक नग दोन घोड्यांवर उजेडात ठेवा. चार बाजू आणि दोन टोके, सहाही बघायच्या. वखारीत नग भिंतीला टेकवून ठेवलेले असतात आणि भिंतीकडची बाजू बहुधा उगाच तिकडे नसते.

काही दोषांना कुठल्याच प्रतीत जागा नाही. कूज, मग ती गाभ्यातली असो की सालीलगतच्या फिकट भागातली (वखारीत त्या भागाला सॅप म्हणतात), टोच्याने कळते: चांगल्या लाकडात टोचून उचकटले की लांब कुसळ निघते, कुजक्यात आखूड तुकडा मोडतो. दुसरा दोष घुण. एक-दोन मिलिमीटरची गोल भोके आणि मैद्यासारखी बारीक पूड दिसली, तर नग कागदावर आपटून बघा. पूड गळाली की नग बाद, आणि त्याच्या थप्पीतल्या शेजाऱ्यांवरही संशय. याउलट, झाड उभे असताना मोठ्या किड्याने पाडलेली, आता निर्जीव असलेली भोके नियमांत चालतात. या दोन भोकांतला फरक न कळल्यामुळे चांगले नग फेकले जातात आणि वाईट घरात येतात. तिसरा दोष आरपार फाट. चौथा सुटलेल्या रेषा, म्हणजे नखाने उचलल्यावर पापुद्रे निघणारे लाकूड.

रंगाची फसवणूकही इथेच पकडायची. सॅपवर तपकिरी रंग चढवून गाभा म्हणून दाखवतात. एका कोपऱ्यावर रंध्याचा एक हात मारा. साग असेल तर तेलकट, चामड्यासारखा वास येतो आणि टोकाला वर्षवलयांत मोठ्या छिद्रांची ओळ दिसते. गाठीच्या भोकात भुसा आणि डिंक भरलेला असेल तर तोही रंध्याखाली उघडा पडतो.

रेषांचा तिरकेपणा

गाठ सगळ्यांना दिसते, तिरकी रेषा कोणाला दिसत नाही. आणि तुळई मोडते ती बहुधा हिच्यामुळे. लाकडाचे तंतू नगाच्या लांबीला समांतर असले तर ताण तंतूंच्या लांबीतून जातो. तिरके असले तर तंतू एकमेकांपासून सुटू लागतात. २० मध्ये १ एवढ्या तिरकेपणाला वाकण्याची ताकद सुमारे ७ टक्के कमी होते, १० मध्ये १ ला सुमारे १९ टक्के आणि ५ मध्ये १ ला जवळजवळ निम्मी.

नियमांतली मर्यादा अशी: सिलेक्टला २० मध्ये १, ग्रेड एकला १५ मध्ये १, ग्रेड दोनला १२ मध्ये १. मोजायला सोपे जावे म्हणून ३०० मिमीची पट्टी नगाच्या कडेला समांतर ठेवा. तेवढ्या लांबीत रेषा किती सरकली? १५ मिमीपर्यंत सिलेक्ट, २० पर्यंत ग्रेड एक, २५ पर्यंत ग्रेड दोन; त्यापुढे भारासाठी बाद.

रेषा ओळखायची कशी? डोळ्याला दिसणारी नक्षी फसवते, कारण ती वलयांची असते, तंतूंची नव्हे. वाळताना पडलेल्या बारीक चिरा मात्र तंतूंच्याच दिशेने जातात, त्या बघा. चिरा नसतील तर तासलेल्या जागेवर पातळ शाईचा थेंब टाका. तो तंतूंच्या दिशेने लांब पसरतो. तिसरा उपाय: वाकवलेल्या तारेच्या टोकाला सुई लावा आणि दुसरे टोक हातात सैल धरून नगावर ओढा. सुई तंतूंच्या खाचेतून आपोआप चालते.

एका बाजूवर मोजून थांबू नका. लगतच्या दोन बाजूंवर तिरकेपणा असेल तर खरा तिरकेपणा दोघांपेक्षा जास्त असतो. दोन्ही अंकांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचे. एका बाजूवर १५ मिमी, दुसऱ्या बाजूवर २० मिमी आले तर खरे २५. वेगवेगळे बघितले असते तर एक बाजू सिलेक्ट आणि दुसरी ग्रेड एक वाटली असती. प्रत्यक्षात नग ग्रेड दोनच्या अगदी काठावर आहे.

गाठी

लाकडाशी एकजीव असलेली ती जिवंत गाठ. भोवती काळी कडा असलेली, ठोकल्यावर हलणारी ती मेलेली. मेलेली गाठ म्हणजे उद्याचे भोक, तिला भोकच धरा. जिवंत गाठीची मर्यादा नगाच्या रुंद बाजूवर अवलंबून असते. ७५ मिमी रुंदीला तीन प्रतींच्या मर्यादा अनुक्रमे १०, १९ आणि २९ मिमी. १०० मिमीला १३, २५ आणि ३८. १५० मिमीला १९, ३८ आणि ५७. हे आकडे कडेलगतच्या गाठींचे आहेत. २०० मिमीपासून पुढे रुंद बाजूच्या मधल्या भागात थोडी मोठी गाठ चालते. सुताराच्या हिशेबाने सांगायचे तर ग्रेड एकमध्ये पाव रुंदीपेक्षा मोठी गाठ नको.

गाठ कितीची यापेक्षा ती कुठे आहे हे जास्त महत्त्वाचे. तुळई किंवा कडी वाकते तेव्हा खालची कड ताणली जाते आणि सगळ्यांत जास्त ताण मधल्या तिसऱ्या हिश्श्यात येतो. तिथे खालच्या कडेवर गाठ आली तर ती मर्यादेत असली तरी आम्ही नग उलटा करतो, गाठ वर घेतो. दाबात गाठ तग धरते, ताणात नाही.

आणि सगळ्यांत जास्त होणारी चूक: प्रत ठरवल्यावर नग उभा चिरणे. १५० × ७५ च्या नगावर ३८ मिमीची गाठ असेल तर तो ग्रेड एक. तोच चिरून ७५ × ७५ चे दोन केले की ती ३८ ची गाठ ७५ च्या बाजूवर येते. तिथे ग्रेड दोनची मर्यादाही २९ आहे, म्हणजे तो नग बाद. चिरले की जुनी प्रत संपली, नव्याने तपासा. लांबीत कापून मात्र प्रत सुधारता येते. दहा फुटी नगात दोषी फूट टोकाकडे असेल तर तो कापून नऊ फुटी ग्रेड एक करा.

कड, चिरा, पीळ

सालीकडची गोलाई कडेला राहून कोपरा अपुरा असेल तर ती बाजूच्या रुंदीच्या सिलेक्टमध्ये १/८, ग्रेड एकमध्ये १/६, ग्रेड दोनमध्ये १/४ पर्यंत चालते. ताकदीपेक्षा ती खिळे आणि बैठकीला अडचण करते. शिवाय तिथे सॅप असतेच.

पृष्ठभागावरच्या बारीक चिरांना घाबरू नका. टोकाजवळ, उंचीच्या मधोमध, आडवी आत गेलेली चीर मात्र कडीला घातक आहे, कारण टेकूजवळ तिथेच घसरण्याचा जोर येतो. पातळ पट्टी आत घालून खोली मोजा.

बाकासाठी दोन्ही टोकांना दोरी ताणून मधले अंतर मोजा. पिळासाठी दोन सरळ पट्ट्या नगाच्या दोन टोकांवर आडव्या ठेवून एका डोळ्याने बघा. त्या समांतर दिसल्या पाहिजेत. दाराच्या चौकटीच्या उभ्या नगात सात फुटांत तीन मिलिमीटरहून जास्त पीळ असेल तर तो नग दाराला लावू नका, कारण सुतार तो रंध्याने काढतो आणि मग एका टोकाची जाडी जाते. वाशाला थोडा बाक चालतो, फुगीर बाजू वर ठेवायची.

प्रत लिहा आणि जागा ठरवा

नगाची प्रत त्याच्या सर्वांत वाईट दोषाने ठरते, सरासरीने नाही. टोकावर खडूने रंग द्या: सिलेक्ट हिरवा, ग्रेड एक निळा, ग्रेड दोन पिवळा. वहीत नग क्रमांक, माप आणि दोष टिपा.

आयएस ८८३ मध्ये भाराच्या हिशेबात लाकडाला किती ताण घेऊ द्यायचा याची मर्यादा ग्रेड एकला धरून दिली आहे. सिलेक्टला ती १.१६ पट, ग्रेड दोनला ०.८४ पट. म्हणजे ग्रेड एक धरून आखलेल्या छतात ग्रेड दोनचा नग घातला तर १६ टक्के ताकद नकळत गेली. याच मानकात जातींचे अ, ब, क असे गट आहेत: साल अ गटात, साग ब मध्ये, आंबा क मध्ये. त्यामुळे ‘साग साईज’ सांगून आंब्याचे लाकूड घालणे म्हणजे फक्त टिकाऊपणाशी नव्हे, ताकदीशीही खेळ. तीन मीटरपेक्षा लांब गाळा (दोन टेकूंमधले अंतर) असेल किंवा वर खोली येणार असेल तर मापे अभियंत्याकडून काढून घ्या.

तुळई, आढे, कड्या आणि कैचीच्या (छताच्या त्रिकोणी सांगाड्याच्या) खालच्या दांडीला निळा किंवा हिरवा नग. वाशांना निळा. रिपांना पिवळा चालेल, पण रिपेत मेलेली गाठ नको. कौले बदलायला माणूस वर चढतो तेव्हा रीप तिथेच मोडते. नग उभा बसवा. ७५ × १२५ चा नग १२५ ची बाजू उभी ठेवली तर आडव्यापेक्षा जवळजवळ पावणेदोन पट भार घेतो. हे सांगायला नको, पण आडवे टाकलेले वासे नाशिक परिसरात आजही दिसतात.

चौकटीची प्रत वेगळी. तिच्यावर भार थोडा, पण पाणी आणि वाळवी जवळ. तिथे तिरक्या रेषेपेक्षा सॅप बघा. उंबरा आणि उभ्या नगांचा खालचा फूटभर भाग शुद्ध गाभ्याचाच हवा. बाहेरच्या दाराला दिसणाऱ्या बाजूवर गाठ नको असेल तर ती वेगळी मागणी आहे. ताकदीत सिलेक्ट असलेला नग दिसायला सामान्य असू शकतो, आणि उलटही.

वाड्याचे जुने लाकूड

पंचवटी आणि जुन्या नाशकातले वाडे उतरवले जातात तेव्हा निघणारा साग मुरलेला असतो, पीळ-बाक काढून मोकळा झालेला. पण तो आंधळेपणाने घेऊ नका. कुसवाची (सांध्यासाठी कोरलेली) भोके आणि खाचा यांना मेलेल्या गाठीसारखेच मोजा. कडीचे भिंतीत गेलेले टोक आधी टोचा, ओल तिथे वर्षानुवर्षे बसलेली असते. लोखंडी खिळ्याभोवतालचा काळा भाग ठिसूळ असतो. कापण्याआधी खिळे शोधायला लोहचुंबक फिरवा, नाहीतर मिलवाला पात्याचे पैसे लावेल, आणि त्याचे बरोबरच असेल.

लावण्याआधी

बाभूळ, आंबा, निलगिरी यांचे सॅप घुणाला आवडते, कारण त्यात पिष्ट असते. बाभळीचे ओंडके काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी रीत त्याच कारणाने कामाची आहे. आतल्या लाकडासाठी १०० लिटर पाण्यात १ किलो बोरिक ॲसिड आणि १.५ किलो बोरॅक्स विरघळवून, कापकाम आणि भोके झाल्यावर नग त्यात बुडवून काढा. हे औषध पावसात धुऊन जाते, म्हणून उघड्यावरच्या लाकडाला निरुपयोगी. चौकटीची भिंतीकडची बाजू आणि उंबऱ्याखालचा भाग डांबरी रंगाने दोन हात बंद करा. समोरच्या बाजू प्रायमर लावूनच गिलाव्याला द्या, नाहीतर ओल्या सिमेंटचे पाणी वर्षभर वाळवलेल्या लाकडात आठवड्यात परत शिरते. होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीत पकडणाऱ्या लोखंडी पट्ट्या, प्रत्येक उभ्याला तीन.

यादीपेक्षा दहा टक्के नग जास्त कापून घ्या. बाद झालेल्यांतून उरलेले आखूड तुकडे थप्पीच्या पट्ट्यांना आणि चौकटीच्या पाचरांना लागतातच.